उत्क्रांती आणि लैंगिक हिंसा : शहापूर-मुरबाडच्या संदर्भात एक प्रस्तावना

माणसांत आढळणाऱ्या लैंगिक हिंसेचे मूळ उत्क्रांतीच्या इतिहासात शोधता येईल काय, या प्रश्नाची शास्त्रीय चर्चा मराठीत फारशी झालेली नाही. मात्र त्याचे एक तयार उत्तर मराठी समाजात फार पूर्वीपासून वावरत आले आहे. पुरुषाची जातच तशी, तरुण रक्त आहे, विस्तवाजवळ लोणी ठेवले तर ते वितळणारच, अशी विधाने गावच्या चावडीवर, तक्रार नोंदवायला आलेल्या कुटुंबाची समजूत काढताना आणि कधीकधी थेट न्यायालयातील उलटतपासणीतही ऐकू येतात. त्या सर्वांचा आशय एकच असतो : हिंसा हा निसर्गाचा भाग आहे, म्हणून जपून राहण्याची जबाबदारी जिच्यावर हिंसा होऊ शकते तिचीच आहे. विद्यापीठांतील उत्क्रांतिविषयक सिद्धांत या लोकसमजुतीपेक्षा पुष्कळ सूक्ष्म आहेत, परंतु ते घाईने वाचले गेले तर वाचक त्याच चावडीवर परत येऊन पोहोचतो. म्हणूनच या सिद्धांतांचे म्हणणे नेमके काय आहे, त्यांतील कोणता भाग पुराव्याला टिकतो, कोणता टिकत नाही, आणि जो टिकतो त्याचा आश्रमशाळेतील अधीक्षिकेला, आरोग्यसेविकेला, पोलीस पाटलाला किंवा मजूर संघटनेच्या कार्यकर्त्याला काही उपयोग आहे काय, हे तपासणे आवश्यक ठरते.

शहापूर आणि मुरबाड हे ठाणे जिल्ह्याच्या पूर्वेकडचे, सह्याद्रीच्या पायथ्याशी टेकलेले दोन तालुके. १ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा वेगळा झाल्यानंतर ठाणे जिल्ह्यात जो डोंगराळ व आदिवासी भाग उरला, त्याचा मोठा हिस्सा या दोन तालुक्यांत आहे. तानसा, मोडकसागर आणि भातसा येथून मुंबईला पाणी जाते, शहापूरच्या पोटातून मुंबई-नाशिक महामार्ग आणि कसाऱ्याकडे जाणारा लोहमार्ग जातो, मुरबाडच्या बाजूने माळशेज घाटाचा रस्ता चढतो; आणि या सर्व रहदारीच्या दुतर्फा ठाकूर, कातकरी, महादेव कोळी, वारली, कुणबी व आगरी वस्त्या आहेत. यांतील कातकरी कुटुंबांपैकी अनेक कुटुंबे दिवाळीनंतर भिवंडी-कल्याण पट्ट्यातील वीटभट्ट्यांवर जातात आणि पावसाच्या तोंडावर परत येतात. या भागात लैंगिक हिंसा इतर भागांपेक्षा अधिक आहे, असा दावा येथे केलेला नाही आणि तसा तो करण्यास आधारही नाही. हे दोन तालुके निवडण्याचे कारण वेगळे आहे. आपल्या नात्यागोत्यात राहणारी स्त्री आणि वर्षातले सहा-सात महिने त्या नात्यागोत्यापासून तुटून मालकाच्या जागेत राहणारी स्त्री येथे एकाच वस्तीत, पुष्कळदा एकाच व्यक्तीच्या आयुष्यात, सापडते. आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे उत्क्रांतिशास्त्रातील सर्वांत भक्कम मांडणी नेमक्या याच फरकाविषयी आहे.

प्रथम सिद्धांताची भूमिका. नैसर्गिक निवड याचा अर्थ असा की, ज्या आनुवंशिक गुणामुळे एखाद्या जिवाची जगून प्रजा वाढवण्याची शक्यता इतरांपेक्षा वाढते तो गुण पिढ्यान्‌पिढ्या अधिक प्रमाणात पसरतो. अशा रीतीने एखाद्या विशिष्ट कामासाठीच घडलेल्या गुणाला अनुकूलन म्हणतात. चार्ल्स डार्विनने १८७१ मध्ये लैंगिक निवडीची कल्पना सविस्तर मांडली आणि १९७२ मध्ये रॉबर्ट ट्रिव्हर्स यांनी तिला पालकीय गुंतवणुकीच्या तत्त्वाची जोड दिली. अपत्यासाठी ज्या लिंगाला अधिक वेळ, शक्ती आणि धोका पत्करावा लागतो ते जोडीदाराच्या निवडीत अधिक चोखंदळ होते व दुसरे लिंग त्या निवडीसाठी अधिक स्पर्धा करते, असे हे तत्त्व सांगते. सस्तन प्राण्यांत पहिली बाजू बहुधा मादीची असते. नर व मादी यांचे पुनरुत्पादनाचे हित नेहमी एकच नसते, हे त्यातून निघालेले अनुमान आहे, आणि ते प्राणिजगतात भरपूर पडताळले गेले आहे. काही बदकांच्या जातींत नर मादीवर जबरदस्ती करतात व मादीची शरीररचनाही तिला प्रतिकार करता येईल अशा रीतीने उत्क्रांत झालेली आढळते. ओरांगउटानांत जबरदस्तीचे समागम वारंवार नोंदवले गेले आहेत. या वस्तुस्थितीबद्दल वाद नाही. वाद सुरू होतो तो ती माणसाला लावताना.

तो वाद सर्वांत तीव्र झाला २००० साली, जेव्हा रँडी थॉर्नहिल आणि क्रेग पामर यांचे बलात्काराच्या नैसर्गिक इतिहासावरील पुस्तक अमेरिकेत प्रसिद्ध झाले. १९७५ मध्ये सुझन ब्राउनमिलर यांनी बलात्कार हा वासनेपेक्षा सत्तेचा आणि दहशतीचा व्यवहार आहे अशी मांडणी केली होती व स्त्री-चळवळीने ती स्वीकारली होती. या दोघांनी तिला उघड आव्हान दिले. मात्र पुस्तकाच्या गाजावाजात एक गोष्ट झाकली गेली, ती म्हणजे दोन्ही लेखकांचे आपसांतच मुख्य मुद्द्यावर एकमत नव्हते. थॉर्नहिल यांचा कल बलात्कार हे पुरुषाच्या मनातील स्वतंत्र अनुकूलन असावे याकडे होता. पामर यांच्या मते ते इतर प्रवृत्तींचे, म्हणजे प्रबळ कामेच्छा, अनेक जोडीदारांची ओढ आणि आक्रमकता यांचे उपउत्पाद होते. उपउत्पाद म्हणजे निवडीने जे घडवले नाही, पण निवडीने घडवलेल्या दुसऱ्या गोष्टीबरोबर जे आपोआप आले ते. या दोन भूमिकांतील अंतर फार मोठे आहे. पहिली खरी असेल तर बलात्कारासाठी मेंदूत वेगळी योजना असली पाहिजे. दुसरी खरी असेल तर बलात्कार उत्क्रांतीशी जितका जोडलेला आहे तितकाच चेक वटवण्यातील फसवणूक किंवा रस्त्यावरची मारामारीही जोडलेली आहे, आणि मग ‘उत्क्रांतीने स्पष्टीकरण मिळाले’ या वाक्यात फारसा अर्थ उरत नाही.

पहिल्या भूमिकेची परीक्षा घेणे शक्य आहे आणि ती घेतली गेली आहे. थॉर्नहिल यांनी ज्या विंचूमाशीचा अनेक वर्षे अभ्यास केला, त्या कीटकाच्या नराच्या पाठीवर मादीला पकडून ठेवणारा चिमट्यासारखा अवयव असतो. विशिष्ट कामासाठी विशिष्ट रचना कशी असते याचे ते स्वच्छ उदाहरण आहे. माणसात अशी कोणतीही रचना, शारीरिक वा मानसिक, दाखवता आलेली नाही. खर्च आणि लाभ यांचा हिशोबही जुळत नाही. एरिक अल्डन स्मिथ, मोनिक बॉर्गरहॉफ मुल्डर आणि किम हिल यांनी २००१ मध्ये पॅराग्वेमधील आचे या शिकारी-संग्राहक समाजाविषयीच्या माहितीच्या आधारे असा हिशोब मांडला : सूड उगवणारे नातेवाईक, गमावलेले सहकार्य आणि बहिष्कार यांची किंमत एका बाजूला, आणि गर्भ राहून मूल जगण्याची अल्प शक्यता दुसऱ्या बाजूला धरली असता, नुकसान लाभाच्या अनेक पट निघते. ज्या समाजात सर्वजण एकमेकांना ओळखतात आणि स्त्रीच्या पाठीशी तिचे भाऊबंद असतात, अशा समाजात माणसाच्या उत्क्रांतीचा बहुतेक काळ गेला हे लक्षात घेतले, म्हणजे या हिशोबाचे महत्त्व कळते.

त्याहून अधिक बोलका पुरावा पीडितांच्या वयाचा आहे. जेरी कॉइन आणि अँड्र्यू बेरी यांनी २००० मध्येच दाखवून दिले की अमेरिकेतील ज्या पाहण्यांवर ही चर्चा उभी होती त्यांत बलात्काराला बळी पडलेल्यांपैकी सुमारे २९ टक्के मुली अकरा वर्षांखालील होत्या, म्हणजे प्रजननाच्या वयाच्या कितीतरी आधीच्या. पुनरुत्पादनाचा लाभ हे ज्या वर्तनाचे कारण सांगितले जाते ते वर्तन इतक्या मोठ्या प्रमाणात पुनरुत्पादन अशक्य असलेल्या मुलींकडे वळलेले असेल, तर कारण चुकले आहे. शहापूर-मुरबाडच्या वाचकाला हा मुद्दा आकड्यांतून समजावून सांगण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२४ मध्ये मुरबाडला लागून असलेल्या बदलापुरातील एका शाळेत अवघ्या चार वर्षांच्या आसपासच्या दोन मुलींवर अत्याचार झाल्याचे उघड झाले, २० ऑगस्टला हजारो लोकांनी रेल्वे रोखली आणि मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली. त्या प्रकरणाच्या चर्चेत नराधम हा शब्द शेकडो वेळा उच्चारला गेला. पण लहान मुलींना शौचालयात नेण्याचे काम कोणाकडे असावे, कर्मचाऱ्यांची पडताळणी कोणी करावी, पालकांची तक्रार किती तासांत नोंदवली जावी, हे प्रश्न जेव्हा विचारले गेले तेव्हाच ती चर्चा काही उपयोगाच्या दिशेने वळली.

येथेच व्याख्येचा प्रश्नही उभा राहतो. प्राणिशास्त्रात लैंगिक जबरदस्ती म्हणजे नराने बळाचा वा धाकाचा वापर करून मादीची इतर नरांशी समागम करण्याची शक्यता कमी आणि स्वतःची वाढवणे, अशी साधारण व्याख्या आहे. मानवी समाजात लैंगिक हिंसा या नावाखाली जे येते ते याहून फार विस्तृत आहे. पुरुषांवर आणि मुलग्यांवर होणारे अत्याचार, तुरुंगातील अत्याचार, जातीय वा धार्मिक दंगलीत सूडासाठी केलेले अत्याचार, आणि ज्यांत कामेच्छेचा अंशही नसतो अशा शारीरिक अवहेलना, यांपैकी कशालाही ती व्याख्या लागू पडत नाही. जुलै २०२५ मध्ये शहापूरमधील एका शाळेत कोणाला पाळी आली आहे हे शोधण्यासाठी मुलींचे कपडे उतरवून तपासणी केल्याची तक्रार झाली, लैंगिक अपराधांपासून बालकांचे संरक्षण करणाऱ्या पॉक्सो कायद्याखाली गुन्हा नोंदवला गेला, आणि अटक झालेल्यांत स्त्रिया होत्या. अशा घटनेला नर-मादी स्पर्धेचे कोणते गणित लावणार? दुसऱ्याच्या देहावर आपली सत्ता चालते, ही खात्री तेथे हिंसेच्या मुळाशी असल्याचे दिसते, आणि त्या खात्रीचा उगम संस्थेच्या रचनेत शोधावा लागतो.

या सर्व आक्षेपांनंतर उत्क्रांतिशास्त्राला या विषयातून रजा द्यावी, असा निष्कर्ष काढणारे अनेक जण आहेत. प्रस्तुत विवेचन त्यांच्याशी सहमत नाही, आणि याचे कारण त्याच शास्त्रातील एक दुसरी, कमी गाजलेली परंपरा आहे. सारा ब्लाफर हर्डी यांनी माउंट अबूच्या वानरांवरील आपला अभ्यास १९७७ मध्ये प्रसिद्ध केला. सह्याद्रीतही ज्यांचे भाऊबंद फांद्यांवर दिसतात त्याच काळ्या तोंडाच्या वानरांविषयीचा तो अभ्यास असून, माद्या नरांच्या हिंसेला निमूट बळी पडत नाहीत, तर ती टाळण्यासाठी नाना डावपेच योजतात, हे त्यातून पुढे आले. त्यानंतर वानरशास्त्राचा प्रश्नच पालटला. नर हिंसक का होतो, याबरोबरच मादी हिंसा केव्हा रोखू शकते, हे पाहिले जाऊ लागले. चिंपांझी आणि बोनोबो हे दोघेही माणसाचे सारखेच जवळचे नातलग. चिंपांझींत नर माद्यांना वारंवार मारहाण करतात व टांझानियातील गोंबे येथील दीर्घ निरीक्षणांतून अशा आक्रमक नरांना अधिक पिल्ले झाल्याचे २०१४ मध्ये दाखवले गेले, तर बोनोबोंत माद्या एकत्र येऊन अंगावर येणाऱ्या नराला पिटाळून लावतात आणि जबरदस्ती जवळजवळ आढळत नाही. दोन सख्ख्या शाखांत इतका फरक असेल, तर निसर्गाने माणसासाठी एकच पट लिहून ठेवला आहे असे म्हणण्यास जागा राहत नाही.

बार्बरा स्मट्स यांनी १९९२ मध्ये तोवरच्या अशा निरीक्षणांवरून मानवी समाजांविषयी पाच अनुमाने मांडली. स्त्रियांची आपसांतील एकजूट जेथे दुबळी असते, स्त्रीला माहेरच्या माणसांचा आधार जेथे मिळत नाही, पुरुषांचे आपसांतील संगनमत जेथे घट्ट असते, पुरुषापुरुषांत सत्तेची विषमता जेथे मोठी असते आणि उपजीविकेची साधने जेथे पुरुषांच्याच हाती असतात, तेथे स्त्रियांवरील पुरुषी आक्रमण वाढते. ही अनुमाने उत्क्रांतीच्या तर्कातून निघालेली आहेत, आणि तरीही त्यांत पुरुषाची जातच तशी असल्याचा कोठेही आधार घेतलेला नाही. उलट, परिस्थितीनुसार बदलणारे वर्तन हेच माणसाच्या उत्क्रांतीचे वैशिष्ट्य मानले आहे. पेगी रीव्ह्स सँडे या मानवशास्त्रज्ञ स्त्रीने वेगळ्याच वाटेने, ९५ समाजांच्या नोंदी तपासून, १९८१ मध्ये दाखवले होते की त्यांतील सुमारे ४७ टक्के समाजांत बलात्कार नव्हता वा अत्यंत विरळ होता आणि १८ टक्के समाजांत तो सर्रास होता. जुन्या प्रवासवर्णनांवर आणि मिशनऱ्यांच्या नोंदींवर आधारलेल्या अशा वर्गवारीत त्रुटी असतात आणि तिच्यावर योग्य टीकाही झाली आहे. परंतु समाजासमाजांत फरक मोठा आहे, हा मूळ मुद्दा त्या टीकेने डळमळला नाही. सर्व पुरुषांचा वंश एकच असताना प्रमाण इतके बदलते, त्या अर्थी बदलाचे कारण वंशाबाहेर आहे.

ठाणे जिल्ह्याच्या इतिहासात याचा जो पुरावा आहे त्याच्या तोडीचा पुरावा जगाच्या ग्रंथांतही क्वचितच सापडेल. १९४५ पूर्वी जिल्ह्याच्या उत्तर भागात, उंबरगाव, डहाणू आणि तलासरीच्या पट्ट्यात, वारली समाज जमीनदार-सावकारांच्या वेठबिगारीत अडकलेला होता. लग्नासाठी काढलेल्या कर्जापायी तरुण वारली जमीनदाराचा लग्नगडी, म्हणजे कर्ज फिटेपर्यंत राबणारा बांधील गडी होई, आणि ते कर्ज कधीच फिटत नसे; त्याच्याबरोबर त्याची बायकोही मालकाच्या दारी राबे व तिच्या देहावरही मालक हक्क सांगे. गोदावरी परुळेकर यांनी ‘जेव्हा माणूस जागा होतो’ या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हे सर्व नोंदवले आहे. जानेवारी १९४५ मध्ये कल्याणजवळ टिटवाळा येथे किसान सभेची परिषद भरली, मे महिन्यात झरी येथे वारल्यांची सभा झाली, वेठ करायची नाही असा निर्धार गावोगाव पसरला, ऑक्टोबरात तलवाडा येथे गोळीबार झाला, तरीही चळवळ मोडली नाही आणि वेठ व लग्नगडीची पद्धत थोड्याच काळात कोसळली. तिच्याबरोबरच आदिवासी स्त्रीवर राजरोस हक्क सांगण्याची जमीनदारी रीतही मोडली. या अल्प काळात जमीनदारांची जनुके बदलली नव्हती, त्यांची वासनाही बदलल्याचे कोणी म्हणणार नाही. बदलली होती ती त्या वासनेला मिळणारी मोकळीक. रात्री बोलावणे आले तर वारलीण एकटी उरली नव्हती, तिच्यामागे पाडा उभा होता आणि पाड्यामागे लाल बावटा होता. स्मट्स यांच्या पाचांपैकी किमान तीन अटी एका चळवळीने एकाच वेळी उलट्या केल्या, आणि परिणाम अपेक्षेप्रमाणे झाला. ज्या चळवळीने हे घडवले तिला उत्क्रांतिशास्त्राची गरज लागली नाही हे खरे. पण उत्क्रांतिशास्त्राला मात्र या चळवळीची गरज आहे, कारण असा जवळजवळ प्रयोगासारखा दाखला त्याला अन्यत्र सहज मिळणार नाही.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने देशभर बेकायदा ठरली. तरीही त्या कायद्याची अंमलबजावणी ठाणे जिल्ह्यात श्रमजीवी संघटनेला १९८० च्या दशकात लढून करून घ्यावी लागली. आज शहापूर-मुरबाडच्या कातकरी वाड्यांत जे दिसते ते जुन्या वेठीसारखे नाही, पण तिच्या काही खुणा त्यात टिकून आहेत. वीटभट्टीचा शेठ किंवा त्याचा माणूस पावसाळ्यात, घरात धान्य संपत आलेले असताना, उचल देतो. उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते, पण कामाचे एकक जोडपे असते, कारण माती मळणे, थापणे आणि वाहणे एकट्याने होत नाही. मजुरी हजार विटांच्या दराने मोजली जाते, आठवड्याला फक्त खर्ची मिळते आणि हिशोब हंगामाच्या शेवटी होतो. राहण्याची खोपटी भट्टीच्या जागेत, मालकाच्या नजरेखाली असते. न्हाणीला आडोसा नसतो, शौचाला अंधाराची वाट पाहावी लागते. माहेर आणि सासर दोन्ही मागे राहिलेले असते, आणि शेजारच्या खोपटीतले कुटुंब पुष्कळदा दुसऱ्या तालुक्यातले असते. एखाद्या स्त्रीला तेथे त्रास झाला तर तक्रारीचा अर्थ हिशोब बुडणे असा होतो. या वर्णनावर स्मट्स यांची अनुमाने एकेक करून ठेवून पाहावीत : स्त्रियांची एकजूट तुटलेली, माहेरचा आधार दूर, पैसा पुरुषांच्या हाती, आणि मालक व मजूर यांच्यातील अंतर प्रचंड. वाडीत परतल्यावर याच स्त्रीला हाकेच्या अंतरावर आई, नणंद, भाऊ असतात. हिंसेचे कारण कातकरी पुरुषाच्या वा शेठच्या रक्तात असते, तर वर्षाच्या दोन भागांत धोका सारखाच राहायला हवा. तो तसा राहत नाही, असेच वरील तर्क सांगतो, आणि हे विधान प्रत्यक्ष पाहणीने खरे-खोटे ठरवता येण्याजोगे आहे.

रक्ताच्या स्पष्टीकरणाचा एक जुना गुन्हाही येथे नोंदवावा लागतो. डार्विनचा लैंगिक निवडीवरील ग्रंथ ज्या साली आला त्याच १८७१ साली ब्रिटिश सरकारने गुन्हेगार जमातींचा कायदा केला आणि काही समाज जन्मतःच गुन्हेगार असतात ही कल्पना कायद्यात बसवली. महाराष्ट्रात पारध्यांसारख्या समाजांना तिचे चटके स्वातंत्र्यानंतरही बसत राहिले. म्हणूनच आदिवासी समाजाविषयी बोलताना दोन टोके टाळली पाहिजेत. त्यांच्यात स्त्री अधिक मोकळी असते म्हणून तिच्यावर अत्याचार होतच नाही, हे एक टोक. आणि दारू व अज्ञान यांमुळे तेथे सर्व चालतेच, हे दुसरे. दोन्हींत त्या समाजातील स्त्रीचे म्हणणे ऐकून घेण्याची गरज संपते.

ते म्हणणे ऐकून न घेतल्याने काय होते, हे महाराष्ट्राने मथुरा खटल्यात पाहिले. मार्च १९७२ मध्ये तेव्हाच्या चंद्रपूर जिल्ह्यातील देसाईगंज पोलीस ठाण्यात मथुरा या अल्पवयीन आदिवासी मुलीवर पोलिसांनी अत्याचार केल्याचा आरोप झाला. सत्र न्यायालयाने आरोपींना सोडले, उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने शिक्षा दिली, आणि १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलीच्या अंगावर प्रतिकाराच्या खुणा नाहीत हे कारण पुढे करून, ती शिक्षा रद्द केली. उपेंद्र बक्षी, लोतिका सरकार, वसुधा धागमवार आणि रघुनाथ केळकर यांनी १९७९ मध्ये सरन्यायाधीशांना लिहिलेल्या खुल्या पत्राने देशभर चळवळ उभी राहिली आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीतील बलात्काराच्या खटल्यात पीडितेने संमती नव्हती असे सांगितल्यास ते गृहीत धरण्याची तरतूद त्यातूनच आली. खरी स्त्री झुंजते आणि झुंजली असेल तर जखम दिसते, हे त्या निकालामागचे गृहीतक होते, आणि तेही स्वतःला निसर्गाचा नियमच समजत होते. जीवशास्त्राने हे गृहीतक पुढे पुरते खोडून काढले आहे. अनेक प्राण्यांत सुटकेची वाट बंद झाली असता शरीर आपोआप ताठरते, हालचाल व आवाज थांबतो. या अवस्थेला भयजन्य स्तब्धता म्हणता येईल. स्टॉकहोम येथील बलात्कार-उपचार केंद्रात आलेल्या २९८ स्त्रियांच्या २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सुमारे ७० टक्के स्त्रियांनी अत्याचाराच्या वेळी ही स्तब्धता लक्षणीय प्रमाणात अनुभवल्याचे आढळले. उत्क्रांतीने दिलेली खरोखरीची देणगी कोणती असेल तर ती ही आहे, आणि ती आरोपीच्या नव्हे, पीडितेच्या बाजूने साक्ष देते. शहापूरच्या वा मुरबाडच्या सरकारी रुग्णालयात तपासणी करणाऱ्या डॉक्टरने प्रतिकाराच्या खुणा नाहीत असे लिहिताना त्यापुढे या खुणा नसणे म्हणजे संमती नव्हे असेही लिहिले, तर एका वाक्याने खटल्याची दिशा बदलू शकते. पीडितेच्या तपासणीतील ज्या दोन बोटांच्या चाचणीवर सर्वोच्च न्यायालयाने २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२२ मध्ये कठोर शब्दांत आक्षेप घेतला, तिचीही मुळे अशाच खोट्या शरीरशास्त्रात होती.

आनुवंशिकतेविषयी जे खरे आहे ते लपवण्याचे कारण नाही. स्वीडनमधील २०१५ च्या एका मोठ्या अभ्यासात लैंगिक गुन्ह्यात शिक्षा झालेल्यांच्या सख्ख्या भावांपैकी सुमारे २.५ टक्के भावांना तशीच शिक्षा झालेली आढळली, तर इतर पुरुषांत हे प्रमाण ०.५ टक्के होते. या फरकातील काही वाटा आनुवंशिक असल्याचे संशोधकांनी दाखवले. व्यक्तिव्यक्तींत धोका कमी-अधिक असतो, एवढे त्यावरून म्हणता येते. पण शंभरांतले सत्त्याण्णवांहून अधिक भाऊ त्या वाटेला गेल्याचे आढळले नाही, हेही त्याच आकड्यात आहे. याउलट संयुक्त राष्ट्रांच्या पुढाकाराने आशिया-पॅसिफिकमधील सहा देशांत दहा हजारांहून अधिक पुरुषांशी बोलून २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे चौथा हिस्सा पुरुषांनी कोणत्या ना कोणत्या स्त्रीवर जबरदस्ती केल्याचे सांगितले, कारण विचारता सर्वाधिक पुरुषांनी आपला तो हक्कच असल्याचे उत्तर दिले, आणि त्यांतील बहुसंख्यांना कायद्याची झळ कधीही लागलेली नव्हती. हक्काची ही भावना शिकवली जाते, आणि ती शिकवण्याची सर्वांत मोठी शाळा घर आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत, म्हणजे २०१९ ते २०२१ या काळात, लैंगिक हिंसा सोसलेल्या विवाहित स्त्रियांपैकी फार मोठ्या बहुसंख्येने ती करणारा म्हणून आपल्या आजच्या वा पूर्वीच्या नवऱ्याकडे बोट दाखवले. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेनेही अठरा वर्षांवरील पत्नीवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती बलात्काराच्या व्याख्येतून वगळलेलीच ठेवली आहे. निसर्गाने जे सांगितलेले नाही ते येथे कायदा सांगत आहे, आणि चावडीवरच्या जुन्या समजुतीला त्याचा मोठा आधार वाटतो.

यावर एक आक्षेप अपेक्षित आहे, की एवढे सर्व सामाजिक कारणांनी उलगडत असेल तर उत्क्रांतीची चर्चा हवीच कशाला. तिचे कारण असे की, ही चर्चा अभ्यासकांनी सोडली तरी लोक ती सोडत नाहीत; आणि वाईट जीवशास्त्राला उत्तर चांगल्या जीवशास्त्रानेच द्यावे लागते. निसर्गात एखादी गोष्ट आहे म्हणून ती योग्य ठरते असे मानण्याच्या चुकीला तत्त्वज्ञानात निसर्गवादी दोष म्हणतात, आणि थॉर्नहिल व पामर यांनीही हा दोष आपल्या माथी येऊ नये याची काळजी घेतली होती. मात्र मुलींना पेहरावाविषयी सावध करावे असा सल्ला देताना त्यांनी ओझे पुन्हा मुलींच्याच खांद्यावर ठेवले, आणि त्यांच्या मांडणीतील हा भाग सर्वांत कमकुवत व सर्वांत घातक आहे. पेहरावाची बाब खरी असती, तर चार वर्षांच्या मुली आणि घरातल्या घरात वावरणाऱ्या बायका सुरक्षित असत्या.

त्यामुळे पुढील प्रकरणांचा क्रम नेहमीच्या पुस्तकांपेक्षा उलटा ठेवला आहे. प्रथम शहापूर व मुरबाडमधील वीटभट्टीचा करार, उचल कोणाच्या नावावर लिहिली जाते, खोपट्या कोठे बांधल्या जातात आणि वाडीतील किती बायका एकत्र स्थलांतर करतात, याची पाहणी येते; मग आश्रमशाळांतील निवासव्यवस्था, मग पोलीस ठाणे व रुग्णालय यांतील तक्रारीचा प्रवास; आणि बदके, वानरे व चिंपांझी यांच्याविषयीचे विवेचन त्यानंतर, जेव्हा वाचकाकडे त्यांना विचारण्यासारखे स्वतःचे प्रश्न जमलेले असतील.